यंत्र निर्दोष

हवालदार ज्ञानू विठोबा शेलार. माझ्या नोकरीविषयी लिहायला बसलो की पहिलं नाव हेच येतं, म्हणून तेच आधी लिहिलं.

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात त्यांना सगळे नाना म्हणत. ते सैन्यात सिग्नलमध्ये होते. तोफेच्या आवाजानं एक कान गेला होता. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी एस.टी.च्या थांब्यासमोर पत्र्याच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. माझे वडील कारखान्याला बैलगाडीनं ऊस घालायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो, तेव्हा घरचा रेडिओ बंद पडला. मी तो स्वतःच उघडला, काही समजलं नाही, म्हणून सगळे भाग पिशवीत घालून नानांकडे घेऊन गेलो.

नानांनी पिशवीत बघितलं. "उगाडलास कशापायी? आदी ऐकलंस का त्येला?"

"बंद पडलाय नाना. ऐकायचं काय त्यात?"

"बंद पडल्यालं सुदीक बोलतंय रं. मानूस गप बसतंय, यंत्र न्हाई."

त्यांनी सगळं परत जोडलं, वीज सुरू केली आणि लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक ट्रान्सफॉर्मरला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटून दोन मिनिटं तसेच बसले. मग म्हणाले, "हितनं गुणगुणतंय. पुढं गप हाय. म्हंजे ह्या दोघांच्या मदी." दोष बरोबर तिथंच निघाला. मी विचारलं, हे दातानं कसं ऐकू येतं? नाना हसले. "कान गेला म्हनून काय झालं? दात हायत की अजून."

निकाल लागल्यावर तेच माझ्या वडिलांकडे आले. "दाजी, गाडीवर बसायला मानसं मिळत्याल. ह्येला साताऱ्याला धाडा." कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला. वडिलांना सही येत नव्हती, अंगठ्याची शाई पुसायला आपला रुमाल नानांनीच पुढं केला. मी बी.एस्सी. झालो, मग वर्षभराचा संगणकाचा कोर्स केला आणि सांगलीत संगणक विकणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका दुकानात लागलो. तोवर नानांचा दुसरा कानही गेला होता. गावात फोन आला तरी त्यांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणून मी त्यांना पत्रं लिहायचो. दर महिन्याला एक.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तेवढं मोठं नव्हतं. पाठीला पिशवी, पिशवीत फ्लॉप्या, ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हर. सांगली, मिरज, विटा, तासगाव, कधी थेट फलटण. एस.टी.नं जायचं, यंत्र बघायचं आणि एक छापील पान भरून सही घ्यायची. त्या पानाच्या तीन प्रती निघायच्या, मध्ये कार्बन असायचा. शेवटी एक ओळ होती : 'यंत्राची स्थिती – निर्दोष / सदोष. नको तो शब्द खोडावा.' दिवसाला चार-पाच वेळा मी त्या ओळीवर रेघ मारायचो. शब्द खोडायला काही कष्ट पडत नाहीत. या ओळीबद्दलच मला सांगायचं आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात संगणकाचा मोठा शत्रू म्हणजे व्हायरस. तो फ्लॉपीवरून यायचा. फलटणकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी विभागाचे हेडक्लार्क होते, अतिशय टापटिपीचे. मी म्हणालो, "साहेब, बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालू नका, रोग लागतो." पुढच्या खेपेला गेलो तर सगळ्या फ्लॉप्या खराब. मी विचारलं काय झालं, तर अभिमानानं म्हणाले, "एकबी फ्लॉपी डेटॉलनं पुसल्याबिगर आत जाऊ दिली न्हाई बघा." मी हसलो नाही. सांगताना 'रोग' हा शब्द मीच वापरला होता. सांगणाऱ्यानं शब्द जपून वापरावा, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम असतो, पण नवे व्हायरस ओळखायला त्याला नवी यादी लागते. आधी ही यादी मी दर महिन्याला फ्लॉपीवर घेऊन जायचो. दशकाच्या शेवटी-शेवटी नवा प्रोग्रॅम आला. त्याला फक्त वेळ ठरवून द्यायची. त्या वेळी तो मोडेमवरून, म्हणजे फोनची तार संगणकाला जोडणाऱ्या डबीतून, स्वतःच फोन लावणार, यादी उतरवून घेणार आणि नव्या यादीनं सगळ्या फाइली तपासणार. माणसाची गरजच नाही. आम्हाला त्याचं फार कौतुक वाटलं. माझ्या महिन्याच्या कितीतरी खेपा वाचणार होत्या.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही, रक्तपेढीच्या संगणकावर तो मी बसवला. तिथं मानेबाई होत्या. सुशीला माने. वय चाळिशीचं, नवरा सैन्यात, पंधरा वर्षं रक्तपेढीचं रजिस्टर त्यांनीच लिहिलेलं. छापल्यासारखं अक्षर. रजिस्टर बंद होऊन संगणक आला तेव्हा त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांना मीच शिकवलं होतं. त्यांचं काम असं : नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन येणार. बाई नाव, वॉर्ड, रक्तगट भरणार. संगणक योग्य पिशवीचा नंबर शोधून स्लिप छापणार. मग तंत्रज्ञ नमुना जुळवून पिशवी देणार. छापील स्लिपशिवाय पिशवी बाहेर जाणार नाही, हा नियम.

त्या दिवशी मी तीन गोष्टी केल्या.

पहिली. मी विचारलं, "बाई, जेवायची सुट्टी कधी?" त्या म्हणाल्या, "एक ते दोन." रात्री संगणक बंद ठेवायचा असा तिथं दंडक होता, त्यामुळे मी नव्या यादीची वेळ दुपारी एकची लावली. काउंटर रिकामं असणार, यंत्र आपलं काम करील.

दुसरी. मोडेम फोन लावताना किंचाळतं. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "हे काय रडतंय?" मी मोडेमचा आवाज बंद करून टाकला.

तिसरी. पडद्यावर वाळूचं घड्याळ दिसलं की यंत्र विचार करत असतं. बाई घाईनं बटणं दाबायच्या. मी बजावून सांगितलं, "घड्याळ दिसलं की हात मांडीवर. काहीही झालं तरी हात लावायचा नाही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

महिन्याभरात तक्रार आली : संगणक फार हळू चालतो. मी सकाळी साडेदहाला पोहोचलो. संगणकात एक आलेख बघता येतो, प्रोसेसर किती गुंतलाय ते दाखवणारा. रेघ तळाशी होती. मी पाच स्लिपा छापून बघितल्या. पटापट आल्या.

बाई म्हणाल्या, "दुपारी होतंय हे. दुपारी थांबून बघा की."

मला दीडला तासगावला पोहोचायचं होतं. मी म्हणालो, "दुपारी गर्दी असते बाई. घाईत चुकीची बटणं दाबली जातात. यंत्राला काही झालेलं नाही."

बाई गप्प बसल्या. मी पान भरलं, 'सदोष' खोडलं, चहा घेतला आणि निघालो.

पंधरा दिवसांनी दुपारी बाईंचा दुकानात फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुम्हाला एक वाचून दाखवते," म्हणाल्या, आणि त्यांनी मेमो वाचला. "संगणक निर्दोष असल्याचा अभियंत्याचा लेखी अहवाल असतानाही, आपण नातेवाईकांना पंचवीस मिनिटे ताटकळत ठेवले, काम न करता बसून राहिलात व नंतर नियम मोडून हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर रक्ताची पिशवी दिली."

मग म्हणाल्या, "उद्या चौकशी आहे. मला धुलाईखात्यात चादरी मोजायला पाठवणार आहेत. जाईन. पण सर्व्हिस बुकात हे लिहू नका म्हणावं. पंधरा वर्षांत एक चुकीची पिशवी गेलेली नाही माझ्या हातून. तुम्ही निर्दोष लिहिलंत. मग दोष कुणाचा, तेवढं सांगा."

दुकानाच्या मालकांना सांगून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मिरजेला गेलो. चौकशी चार वाजता होती.

काय घडलं होतं ते तिथं कळलं. दुपारी सव्वा वाजता जतकडचा एक माणूस धावत आला होता. त्याची बायको बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. बाईंनी नाव भरलं, आणि वाळूचं घड्याळ आलं. बाईंनी हात मांडीवर ठेवले. तो माणूस काउंटरवर हात आपटत होता, "आक्का, आवं काईतरी करा की, नुसत्या बसलाय काय?" मागं रांग वाढत होती. प्रशासन अधिकारी देसाईसाहेब तिथून गेले, त्यांनीही बघितलं : रांग उभी आहे आणि बाई हात मांडीवर ठेवून बसल्या आहेत. पंचवीस मिनिटांनी बाई उठल्या. कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं, शीतपेटीत हातानं पिशवी शोधली, तंत्रज्ञाकडून नमुना जुळवून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून दिली. ती बाळंतीण वाचली. नियम मात्र मोडला.

मी सकाळभर काही उघडलं नाही. काउंटरच्या आत स्टूल टाकून बसलो. बाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. साडेबारा झाले, पाऊण झाला. ओपीडी सुटली तशी चिठ्ठ्यांची गर्दी झाली. एक वाजला. बाई जागेवरच.

मी विचारलं, "जेवायला नाही उठणार?"

"एकला कसं उठणार? डॉक्टर ओपीडी संपवून चिठ्ठ्या लिहितात त्या याच वेळी येतात."

"पण तुम्हीच म्हणालात, एक ते दोन सुट्टी."

"तुम्ही सुट्टी कधी विचारलंत. ती कागदावर एक ते दोनच आहे." बाईंनी चिठ्ठीवरून नजर न काढता सांगितलं. "जेवता कधी, असं कुठं विचारलंत?"

एक वाजून दोन मिनिटांनी वाळूचं घड्याळ आलं. बाईंचे हात मांडीवर गेले. मी ते हात बघितले आणि मला खाली बघावंसं वाटलं.

मग मी पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढला. लोक बघत होते, पण मी गुडघ्यावर बसून त्याचं टोक संगणकाच्या पेटीला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. आतली हार्ड डिस्क करकरत होती. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, कुणी काही करत नव्हतं, आणि आत यंत्र जिवाच्या आकांतानं काम करत होतं. कुणाचं? कुणी सांगितलेलं? आलेख उघडायलाच चार मिनिटं लागली. उघडला तेव्हा रेघ वर, शंभराला टेकलेली, आणि तिथून हलत नव्हती. मी मोडेमचा आवाज सुरू केला, तर ते किंचाळलं, थांबलं, पुन्हा किंचाळलं.

गुऱ्हाळ ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच समजेल. काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, गुळव्या एकटा असतो. रस कधी ढवळायचा, काहील कधी उतरायची, ते त्यालाच कळतं. त्याला कुणी मध्येच विहिरीवर पाठवलं, रस्त्यातून परत बोलावलं, पुन्हा पाठवलं, तर गूळ करपणारच, आणि बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणणार, गुळव्या आळशी. प्रोसेसर म्हणजे तो गुळव्या. रोज एकला प्रोग्रॅम यादी आणायला फोन लावायचा. दुपारी मिरजेची लाईन तुटायची. अर्धवट उतरलेली यादी तो उलगडून बघायचा, जमत नाही म्हणून टाकून द्यायचा, जुन्या यादीनं सगळ्या फाइली तपासायला घ्यायचा आणि पुन्हा फोन लावायचा. तीन वाजेपर्यंत हेच. बाईंच्या स्लिपेला त्यात जागाच नव्हती. आणि मोडेमचं तोंड मी बांधून ठेवल्यामुळे हे कुणाला ऐकू येत नव्हतं.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. आपोआपची व्यवस्था बंद केली. अर्धवट फाइल पुसली. यादी यापुढं शनिवारी चार वाजता, काउंटर रिकामं बघून बाईंनी स्वतः बटण दाबून आणायची. मोडेमचा आवाज चालू. मी बाईंना म्हणालो, "ते ओरडायला लागलं की समजायचं, यंत्र दुसऱ्या कामात आहे. आणि घड्याळ दोन मिनिटांत गेलं नाही, तर हात मांडीवर ठेवायचे नाहीत. मी चुकीचं शिकवलं होतं."

"वहीत लिहून घेऊ?" त्यांनी विचारलं. टोमणा होता की खरंच विचारलं, मला कळलं नाही.

हॉस्पिटलातून मी मालकांना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. मला कामाला त्यांनीच लावलं, उपकार विसरणार नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "दोष दूर केला, यंत्र निर्दोष, एवढं लिही आणि ये. दोष कुणाचा हे त्या कागदात विचारलेलंच नाही. बाईंना फार तर ताकीद मिळेल. आपल्याकडून मात्र सगळ्या हॉस्पिटलचं काम जाईल, आणि मग तुला ठेवायचं कुठल्या कामावर, तूच सांग."

घरी धाकटी बहीण माझ्या पगारावर कॉलेजात शिकत होती. चार वाजता मी देसाईसाहेबांच्या खोलीत गेलो. टेबलावर माझा जुना अहवाल होता, 'सदोष' खोडलेला. समोर मानेबाई उभ्या होत्या. त्यांना बसा म्हटलेलं नव्हतं. देसाईसाहेबांनी नवं पान माझ्यापुढं सरकवलं. "भरा. यंत्र आता निर्दोष आहे ना? मग खोडा तो शब्द."

यंत्र आता खरोखरच निर्दोष होतं. शब्द खोटा ठरला नसता. मी पेन उघडलं.

त्यानंतरचं मी आता नव्यानं लिहीत नाही. ते त्याच दिवशी लिहिलेलं आहे. नाना गेल्यावर त्यांच्या सुनेनं माझी पत्रं मला परत दिली. हे आंतर्देशीय त्यांतच होतं.

मिरज, एस.टी. स्टँड

तीर्थस्वरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सांगलीच्या गाडीला अजून वेळ आहे म्हणून इथंच बसून लिहितो. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आता यंत्रं स्वतःची काळजी स्वतः घेतात, माझं काम सोपं झालंय. ते खरं नव्हतं.

इथल्या रक्तपेढीतल्या मानेबाईंवर माझ्यामुळे आळ आला. यंत्राला चुकीच्या वेळी कामाला मी लावलं. त्याचा आवाज मी बंद केला. बाई सांगत होत्या, दुपारी थांबून बघा, तर त्यांनाही मीच गप्प केलं. तुम्ही म्हणायचात, माणूस गप्प बसतं, यंत्र नाही. नाना, मी दोघांनाही गप्प बसवलं आणि खाली निर्दोष लिहून सही केली.

आज तुमच्यासारखं दातात धरून ऐकलं. लोक हसले. मग साहेबांसमोर पान भरलं. 'निर्दोष' खोडलं. साहेब म्हणाले, अहो, आता तर दुरुस्त झालंय ना? मी म्हणालो, आजचं नाही लिहीत, त्या दिवशीचं लिहितो. खाली लिहिलं : 'त्या दिवशी यंत्र सदोष होते. दोष माझ्या हातून झाला. माझा आधीचा अहवाल चुकीचा धरावा. ऑपरेटर यांनी मी शिकवले तसेच केले आणि मी शिकवले नव्हते ते केले म्हणून रुग्ण वाचला.' साहेबांनी दोनदा वाचलं. मग बाईंना बसा म्हणाले. मेमो परत घेतला, माझ्यासमोर फाडला. आमच्या दुकानाला इथलं काम पुढं द्यायचं की नाही ते ट्रस्टींना विचारून कळवतो म्हणाले. मालक काय म्हणतील ते सांगलीला गेल्यावर कळेल. नोकरी गेली तर गावी येईन, तेव्हा सगळं पाटीवर लिहून दाखवीन.

निघताना बाईंना म्हणालो, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला एकला या. गर्दीतच या." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

तब्येतीला जपावे. काकींना नमस्कार.

आपला,
सदाशिव

ता. क. रेघ जोरात मारली गेली, वरचा कागद फाटला. पण खालच्या दोन्ही प्रतींवर ती नीट उमटली आहे. त्यातली एक मानेबाईंनी मागून घेतली.